यादीत नाव नाही म्हणून हवा शुद्ध?

जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत वर्षानुवर्षे ऐकू येते की प्रदूषण दिल्ली-मुंबईचे, आणि देशातील शहरांच्या हवेच्या रोजच्या यादीत ज्या दिवशी आपल्या गावाचे नाव नाही, त्या दिवशी आपली हवा निर्मळच. रावेर-यावलच्या केळीबागा पाहणाऱ्याला हे पटते, याचे नवल नाही. तरीही हा समज चुकीचा आहे.

ही यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दैनिक हवा निर्देशांकाची; त्यासाठी अखंड मोजणी करणारी स्वयंचलित केंद्रे लागतात. हाताने चालवल्या जाणाऱ्या केंद्रांवर मात्र आठवड्यातून दोनदा, २४ तास हवा यंत्रात ओढून गाळणकागदावर साचलेली धूळ प्रयोगशाळेत तोलली जाते. वर्षाकाठी जेमतेम १०४ दिवसांची नोंद होते आणि तिचा आकडा त्याच दिवशी हाती येत नाही. उरलेल्या दिवसांची हवा मोजलीच जात नाही; पण मोजली नाही एवढ्यावरून ती स्वच्छ ठरत नाही.

जळगाव तर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, मानके ओलांडणाऱ्या शहरांमध्येच आहे. पीएम १० या, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि ती ओलांडायला कारखान्याचे धुराडेच लागते असे नाही; उखडलेले रस्ते, उघडी बांधकामे आणि पेटवलेला कचराही पुरतो.