अंगावर आला की डोक्यात गेला?

हिंसक सुपरहिरो पिक्चर सुटला की बाहेर पडणारी निम्मी माणसं एकच वाक्य बोलतात, "बाप रे, किती ते रक्त!" पण हे वाक्य दोन अगदी वेगळ्या कारणांनी तोंडातून निघतं आणि चर्चेत ती दोन्ही कारणं सर्रास एकात कालवली जातात. एक म्हणजे पिक्चर अंगावर येणं आणि दुसरं म्हणजे पिक्चर डोक्यात जाणं.

अंगावर येतो तेव्हा आपण गोष्टीच्या आत असतो, समोर ज्याला लागतंय त्याचं दुखणं आपल्यालाही जाणवतं, बघवत नाही पण नजरही हलत नाही. डोक्यात जातो तेव्हा आपण गोष्टीतून बाहेर फेकले जातो, ते पात्र विसरायला होतं आणि थेट दिग्दर्शक दिसायला लागतो, की अरे बाबा कळलं रे, आता पुरे. दोन्ही वेळा आपण तोंड फिरवतो, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला ते सारखंच वाटतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण वॉचमेन, 2009 चा, झॅक स्नायडरचा. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं मूळ कॉमिक 1986-87 मध्ये 12 अंकांत आलं होतं आणि पिक्चरने कित्येक फ्रेम्स त्यातून जशाच्या तशा उचलल्या, तरी हिंसेच्या बाबतीत मात्र बराच हात सैल सोडला. कॉमिकमध्ये रोरशाक, म्हणजे त्यातला मुखवटा घालून गुन्हेगारांच्या मागे लागणारा हिरो, एका लहान मुलीच्या खुन्याला बेडीने अडकवतो, हातात करवत देतो, घराला आग लावतो आणि समोर उभा राहून बघत बसतो, आतून कोणीच बाहेर येत नाही, बस्स. त्या माणसाचं काय झालं ते चित्रात दिसत नाही आणि म्हणूनच ते पान अंगावर येतं, कारण उरलेलं सगळं आपल्याच डोक्यात घडतं. पिक्चरमध्ये तोच रोरशाक सुरा घेऊन त्याच्या डोक्यात घाव घालत राहतो. धक्का बसतो, नाही असं नाही, पण तो घावांचा धक्का आहे, रोरशाकच्या आत काय तुटलं त्याचा नाही. तुरुंगातल्या सीनचंही तेच, कॉमिकमध्ये एका कैद्याचा गळा चिरतात आणि पिक्चरमध्ये मशीनची करवत लावून त्याचे हात कापतात. गल्लीतल्या मारामारीत हाड कातडी फाडून बाहेर येतं, तेही स्लो मोशनमध्ये! मला हा पिक्चर मनापासून आवडतो, रोरशाकच्या भूमिकेत जॅकी अर्ल हेलीने कमाल केलीय, पण हे तीन सीन माझ्या डोक्यातच जातात.

अमेरिकेत सिनेमास्कोर नावाचा प्रकार आहे, रिलीजच्या पहिल्याच दिवशी थिएटरमध्ये आलेल्या प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेतात आणि ए प्लस ते एफ अशी ग्रेड काढतात. वॉचमेनला बी मिळाली आणि दुसऱ्या वीकेंडला तिथली कमाई साधारण दोन तृतीयांशने घसरली. ह्यावर लगेच म्हटलं जातं की बघा, लोकांना हिंसा नको असते. मग 2016 च्या डेडपूलला ए आणि 2017 च्या लोगनला ए मायनस कशी मिळाली? तिन्ही आर रेटेडच, म्हणजे तिथे 17 वर्षांखालच्या मुलांना पालक किंवा मोठं माणूस सोबत नसेल तर आत सोडत नाहीत. डेडपूलने ट्रेलरमध्येच सांगून टाकलं होतं की चावट आणि रक्ताळ कॉमेडी मिळणार, आणि तेच मिळालं, त्यामुळे मुंडकी उडाली तरी कोणाच्या डोक्यात गेलं नाही. वॉचमेनला सुपरहिरोंची टीम बघायला आलेल्यांना 2 तास 42 मिनिटांचा उदास खूनतपास मिळाला. माझ्या मते तिथे रक्तापेक्षा फसगतीचा राग जास्त होता, पण एका अक्षराच्या ग्रेडमध्ये हे वेगळं कसं दिसणार, अंगावर आलेला आणि डोक्यात गेलेला दोघंही "हं, बी" असंच लिहू शकतात.

ओळखायची सोपी खूण म्हणजे विचारायचं, कुठला सीन? अंगावर आलेला माणूस पात्राबद्दल बोलतो, "त्या पोरीचं काय झालं बघ ना". डोक्यात गेलेला बनवणाऱ्यांबद्दल बोलतो, "एवढं दाखवायची काय गरज होती". आणि त्याचं ऐकून घ्यावं, तो नाजूक वगैरे नसतो, बऱ्याचदा त्याचंच बरोबर असतं.

एकाच पिक्चरमध्ये दोन्ही होऊ शकतं. 2010 च्या किक-अ‍ॅसमध्ये अकरा वर्षांची हिट-गर्ल खोलीभर गुंड कापून काढते आणि मागे लहान मुलांच्या कार्यक्रमाला शोभेल असं उड्या मारणारं गाणं. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी ह्या पिक्चरला चारपैकी एक स्टार दिला आणि नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह म्हटलं. मला तेव्हा ते फारच कडक वाटलं होतं, मी तो सीन टाळ्या वाजवत बघितला होता. शेवटी मात्र एक मोठा दांडगा माणूस तिला ठोशांनी मारतो, तेव्हा गाणंबिणं काही नाही, आणि एकदम आठवतं की अरे ही लहान आहे.

मग लोगन आला. त्यातली लॉराही साधारण त्याच वयाची, तीही माणसं कापते, एका भाडोत्री सैनिकाचं मुंडकं हातात घेऊन बाहेर येते. पण ती नंतर सांगते की तिला वाईट स्वप्नं पडतात, त्यात लोक तिला मारत असतात, आणि पिक्चरचा हिरो लोगन म्हणतो की त्याच्या स्वप्नात तोच लोकांना मारत असतो. हे ऐकल्यानंतर मी किक-अ‍ॅस परत लावला आणि तो उड्या मारणाऱ्या गाण्याचा सीन आला तेव्हा टाळी वाजली नाही, बघत बसलो की ही पोरगी रात्री झोपत कशी असेल.