वैज्ञानिक परिषदांतील परिचय व कारकीर्दीच्या संधी

वैज्ञानिक परिषदेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या संशोधकांमध्ये जुळणारे व्यावसायिक संबंध आणि त्यांतून पुढे मिळणारी नोकरी, पोस्टडॉकची (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची) जागा, मार्गदर्शक किंवा संशोधनातील सहकारी यांचा विचार या नोंदीत केला आहे. संशोधकांच्या रोजच्या बोलण्यात याला सरसकट ‘नेटवर्किंग’ म्हणतात. उद्‌घाटन, बीजभाषण, निबंधवाचन, समारोप ही परिषदेची ठरलेली चाकोरी वाचकांच्या परिचयाची असल्याने तिचे वर्णन येथे केलेले नाही.

उगम : परिषद ही ज्ञानाच्या देवघेवीसाठी भरते आणि ओळखीपाळखी हा तिचा आनुषंगिक लाभ असतो, अशी समजूत रूढ आहे. आरंभीच्या परिषदांचे दस्तऐवज मात्र वेगळे सांगतात. लंडनची रॉयल सोसायटी (१६६०) किंवा पॅरिसची विज्ञान अकादमी (१६६६) या संस्था मुख्यतः राजधानीत राहणाऱ्यांच्या होत्या. बाहेरगावच्या अभ्यासकाचा त्यांच्याशी संबंध येई तो पत्रांतून. दरवर्षी नव्या गावी भरणारी, दूरदूरच्या अभ्यासकांना एकत्र आणणारी सभा ही कल्पना त्यानंतर दीडएक शतकाने रुजली.

तिचा मान कोणाला द्यावा याबद्दल एकमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये आंरी-आल्बेर गॉस याच्या पुढाकाराने १८१५ मध्ये जिनीव्हा येथे स्थापन झालेली निसर्गविज्ञान संस्था दरवर्षी वेगळ्या गावी भरत असे. त्यामुळे काही इतिहासकार तिलाच आद्य मानतात. इतर अभ्यासक जर्मन निसर्गशास्त्रज्ञ लोरेन्ट्स ओकेन याने सप्टेंबर १८२२ मध्ये लाइपझिग येथे भरवलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांच्या सभेपासून आरंभ धरतात. ओकेनपुढे स्विस नमुना होता हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. फिरत्या सभेची कल्पना स्विस असली, तरी प्रस्तुत विषयापुरते १८२२ हे साल धरणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याचे कारण जर्मन संस्थेच्या नियमावलीत आहे. जर्मनीतील निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांना परस्परांची व्यक्तिशः ओळख करून घेण्याची संधी देणे, हाच संस्थेचा मुख्य उद्देश असल्याचे तिच्यात स्पष्टपणे नमूद केले आहे. निबंधवाचनाला तिथे दुसरे स्थान आहे.

असे कलम लिहावे लागले यामागे राजकीय परिस्थिती होती. जर्मन भाषकांचा प्रदेश तेव्हा अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता आणि सर्वांना जवळची अशी राजधानी नव्हती. १८१९ च्या कार्ल्सबाड फर्मानांनंतर विद्यापीठांवर आणि छापखान्यांवर सरकारी नजर होती. खुद्द ओकेनला आपल्या नियतकालिकातील लिखाणापायी त्याच साली येना विद्यापीठातील प्राध्यापकपद गमवावे लागले होते. लाइपझिगच्या पहिल्या सभेला जेमतेम वीसेक लोक आले असावेत. मोजदादीत थोडा फरक आढळतो.

बर्लिन, १८२८ : निसर्गशास्त्रज्ञ व प्रवासी अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट याच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बर्लिनच्या सभेला चारशेहून अधिक सभासद होते. विषयवार वेगळ्या शाखासभा तिथे प्रथम भरल्या. उद्‌घाटनाच्या भाषणात हुंबोल्टने ओकेनचाच धागा पुढे नेला : अकादम्यांप्रमाणे निबंधांची अदलाबदल हा या सभेचा मुख्य हेतू नसून एकाच क्षेत्रात काम करणाऱ्यांनी प्रत्यक्ष जवळ यावे हा आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. संगीतकार फेलिक्स मेंडेल्सनने या प्रसंगासाठी खास स्वागतगीत संगीतबद्ध केले होते.

या सभेत घडलेली एक भेट प्रस्तुत विषयाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणून सांगता येते. गटिंगेन सोडून सहसा कुठे न जाणारा गणिती कार्ल फ्रीडरिख गाउस हुंबोल्टच्या आग्रहावरून बर्लिनला आला आणि त्याच्याच घरी उतरला. हाले येथील भौतिकीविद विल्हेल्म वेबर हा तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांचा होता. त्याने ऑर्गन या वाद्याच्या नळ्यांतील ध्वनीविषयी निबंध वाचला. गाउस आणि वेबर यांची ओळख झाली ती इथे. पुढे गटिंगेनमधील भौतिकीचे अध्यासन रिकामे झाले तेव्हा गाउसने वेबरचे नाव सुचवले आणि १८३१ मध्ये वेबर तिथे प्राध्यापक झाला. १८३३ मध्ये दोघांनी गावातल्या छपरांवरून तार नेऊन वेधशाळा आणि भौतिकीची प्रयोगशाळा जोडली आणि विद्युतचुंबकीय तारायंत्राने संदेश पाठवले. गाउसला चुंबकत्वाकडे वळवले ते हुंबोल्टने, की ती ओढ त्याला आधीपासून होती, यावर चरित्रकारांत मतभेद आहेत. स्वतः गाउसच्या पत्रांवरून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वेबर मात्र त्याला बर्लिनमध्येच भेटला, याविषयी वाद नाही.

याच सभेची दुसरी एक हकीकतही नोंदवण्याजोगी आहे. वॉर्सा येथील प्राणिशास्त्रज्ञ फेलिक्स यारोत्स्की सभेसाठी बर्लिनला निघाला, तेव्हा त्याच्यासोबत अठरा वर्षांचा, पुढे संगीतकार म्हणून गाजलेला फ्रेडरिक शोपँ गेला होता. बर्लिनमध्ये त्याने मेंडेल्सनला पाहिले. पण आपण होऊन पुढे जाऊन ओळख करून घ्यायला मन धजावले नाही, असे त्याने घरच्यांना कळवले. नामवंतांसमोर नवख्याची होणारी ही कुचंबणा कोणत्याही काळातल्या कोणत्याही परिषदेत दिसते. परिचयाची सोय आयोजकांनी मुद्दाम करून द्यावी लागते ती याचसाठी.

बर्लिनला हजर असलेल्या इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने इंग्लंडमध्ये त्या सभेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १८३१ मध्ये यॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेची पहिली सभा भरली तीत हा जर्मन नमुना डोळ्यांसमोर होता. ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत कार्ल्सरूए येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत अणुभारांच्या प्रश्नाचा अधिकृत निकाल लागला नाही. मात्र परिषद संपताना इटालियन रसायनशास्त्रज्ञ स्तानिस्लाओ कान्निझारो याची अणुभारांविषयीची पुस्तिका आंजेलो पावेसी याने उपस्थितांना वाटली. ती परतीच्या वाटेवर वाचून जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायरचे मतपरिवर्तन झाले. तरुण मेंडेलेयेव्हही त्या परिषदेला हजर होता. आवर्त सारणीकडे नेणाऱ्या वाटेवर सभागृहातील ठरावापेक्षा हातोहात दिलेल्या त्या कागदांचे वजन अधिक ठरले.

भित्तिपत्रक सत्र : नवख्या संशोधकाला परिचयाची हमखास संधी देणारे परिषदेचे अंग म्हणजे पोस्टरचे सत्र; त्यात संशोधक आपले काम मांडलेल्या फलकापाशी उभा राहून ते येणाऱ्यांना समजावून सांगतो. त्याच्या उगमाविषयीही मतभेद आहेत. युरोपीय जीवरसायन संस्थांच्या महासंघाची १९६९ मध्ये माद्रिद येथे भरलेली सभा ही सामान्यतः आरंभ मानली जाते. अमेरिकेत १९७४ मध्ये मिनीॲपोलिस येथे जीवरसायन व जीवभौतिकी यांच्या संयुक्त सभेत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली आणि तिथून ती झपाट्याने पसरली. काही लेखक तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या रॉयल सोसायटीच्या सायंकालीन मेळाव्यांपर्यंत नेतात, कारण तिथेही संशोधक आपल्या मांडलेल्या वस्तूंपाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती देत असे. हे साम्य खरे आहे. परंतु निवडप्रक्रियेतून गेलेला गोषवारा, ठरावीक मापाचा फलक आणि ठरावीक वेळ ही आजच्या सत्राची लक्षणे तिथे नव्हती, म्हणून १९६९ हेच साल धरणे बरे. निबंधांची संख्या वाढून दहा-दहा मिनिटांची भाषणे एकाच वेळी अनेक दालनांत ठेवावी लागू लागली, हे या पद्धतीमागचे तातडीचे कारण होते.

पोस्टर बहुधा ए-शून्य मापाचे (८४१ × ११८९ मिमी.) असते. आडवे की उभे हे आयोजक आधी कळवतात. ते न वाचता छापलेले पोस्टर फलकाबाहेर लोंबते. भारतात बरेच विद्यार्थी ते जवळच्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतात. विमानात लांब नळकांडे सांभाळावे लागू नये म्हणून हल्ली घडी घालता येणाऱ्या कापडावरही छापतात. विषम क्रमांकांनी पहिला तास आणि सम क्रमांकांनी दुसरा तास आपापल्या पोस्टरपाशी थांबायचे, ही विभागणी बऱ्याच ठिकाणी आढळते, जेणेकरून थांबणाऱ्यालाही इतरांचे काम पाहता यावे. कोणी समोर येऊन रेंगाळला की दोन-तीन मिनिटांत सगळे काम सांगायची तयारी लागते. शेवटी सारांश सांगून थांबण्यापेक्षा जिथे काम अडले आहे ती जागा दाखवणारा विद्यार्थी जास्त लक्षात राहतो, कारण पाहुण्याला तिथे काही सुचवता येते आणि संवाद पुढे सरकतो. २०१९ मध्ये माइक मॉरिसन याने मध्यभागी एकच निष्कर्ष ठळक अक्षरांत आणि कडेला तपशील अशी मांडणी सुचवली. ती लोकप्रिय झाली. तीत पुरावा मागे पडतो, असा आक्षेपही घेतला जातो.

बंद परिषदा : जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नील गॉर्डन याने १९३१ च्या सुमारास उन्हाळी सभांच्या रूपाने सुरू केलेल्या आणि १९४८ पासून त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिषदांनी वेगळा मार्ग धरला. आडवळणाची जागा, मर्यादित संख्या, सकाळी व रात्री सत्रे आणि दुपार मोकळी अशी त्यांची रचना असते. तिथे ऐकलेले कोणी उद्धृत करायचे नाही, पडद्यावरच्या चित्रांचे फोटो काढायचे नाहीत, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. त्यामुळे अर्धवट निकालही मांडले जातात. मुख्य परिषदेच्या आधी केवळ पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांचे दोन दिवसांचे चर्चासत्र ठेवण्याची पद्धत त्यांनी पाडली. नवख्यांची आपापसांत ओळख आधीच झालेली असल्याने पुढे ज्येष्ठांच्या घोळक्यात ते एकटे पडत नाहीत. जर्मनीतील लिंडाउ येथे १९५१ पासून भरणाऱ्या नोबेल मानकऱ्यांच्या मेळाव्याला १९५३ पासून विद्यार्थ्यांना बोलावले जाऊ लागले. आता हा मेळावा मुख्यतः त्यांच्यासाठीच असतो.

परिणामांचा अभ्यास : ओळखीमुळे कारकीर्द घडते हे सिद्ध करणे अवघड, कारण हुशार माणसाला ओळखीही जास्त असू शकतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने १९७३ मधील निबंधात बॉस्टनजवळच्या न्यूटन येथील नोकरदारांची माहिती दिली. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांपैकी केवळ १७ टक्क्यांच्या आसपास लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते. उरलेल्यांच्या भेटी अधूनमधून किंवा क्वचित होत. जुजबी ओळखीच नव्या वर्तुळातली बातमी आणतात, असा त्याने निष्कर्ष काढला. हे लोक संशोधक नव्हते, त्यामुळे तो विज्ञानाला जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल. अधिक भक्कम पुरावा दोन ठिकाणी मिळतो. हार्वर्डच्या वैद्यकीय संशोधकांना यदृच्छया वेगवेगळ्या खोल्यांत विभागून दीड तास एकमेकांच्या कल्पना ऐकवल्या गेल्या. एका खोलीत आलेल्यांनी पुढे संयुक्त प्रस्ताव देण्याची शक्यता सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात आढळते. दुसरे म्हणजे २०१२ मध्ये आयझॅक वादळामुळे न्यू ऑर्लीन्स येथील अमेरिकन राज्यशास्त्र परिषद ऐनवेळी रद्द झाली. तिथे भेटू शकले असते अशा व्यक्तींमध्ये पुढे एकत्र निबंध लिहिण्याचे प्रमाण कमी राहिले. दोन्ही अभ्यास मिळून भेटीचा परिणाम खरा आहे, असे म्हणण्यास आधार मिळतो.

त्याचबरोबर समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९६८ मध्ये दाखवलेला दोषही परिषदांत दिसतो : ज्याचे नाव आहे त्याच्याकडेच आणखी नाव चालत येते. चहाच्या सुट्टीत घोळका होतो तो अशांभोवतीच.

भारत व महाराष्ट्र : जे. एल. सायमनसन आणि पी. एस. मॅकमहॉन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ब्रिटिश असोसिएशनच्या धर्तीवर मांडलेल्या कल्पनेतून भारतीय विज्ञान काँग्रेस उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ या दिवसांत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली झाले. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर येथे तिची अधिवेशने झाली आहेत. १९५० चे अधिवेशन पुण्यात भरले; त्याच जानेवारीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. काँग्रेसचा पसारा वाढला तशी व्यावसायिक परिचयाची जागा लहान, विषयनिष्ठ परिषदांकडे गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेणवीय जीवशास्त्र गटाने महाबळेश्वर येथे १९७०च्या दशकात सुरू केलेली आधुनिक जीवशास्त्राची चर्चासत्रे या प्रकारात मोडतात. २००९ पासून भरणाऱ्या तरुण जीवशास्त्र संशोधकांच्या संमेलनात नुकतीच प्रयोगशाळा थाटलेले प्राध्यापक, ज्येष्ठ मार्गदर्शक आणि परदेशातून परतू पाहणारे पोस्टडॉक एकत्र येतात. पोस्टडॉक तिथे संस्थांच्या संचालकांशी थेट बोलू शकतात. नोकरीच्या दृष्टीने भारतात याइतकी सरळ व्यवस्था विरळा.

भारतीय विद्यार्थ्याची ओळख बहुधा गाइडमार्फत होते. ‘सर, ही माझी विद्यार्थिनी’ एवढ्या एका वाक्यावर पुढची दारे उघडतात, आणि गाइड परिषदेला आलेच नाहीत तर ती बंद राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला विषय येत असूनही इंग्रजीतला पहिला प्रश्न विचारणे जड जाते. अशांसाठी परिषदेच्या आदल्या दिवशी सराव-सत्र ठेवणे, प्रत्येक नवख्याला एक ज्येष्ठ नेमून देणे आणि जेवणाच्या टेबलांवर बसण्याच्या जागा ठरवून देणे, हे उपाय कमी खर्चाचे आणि परिणामकारक आहेत. ते सर्व परिषदांनी करायला हवेत. परदेशी परिषदेसाठी नोंदणी शुल्क, विमानभाडे आणि व्हिसा हे अडसर राहतात. निबंध स्वीकारला गेलेल्या तरुण संशोधकांना प्रवासखर्च देणारी योजना विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे होती. ते मंडळ आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद याही प्रवास-अनुदान देतात.