‘कुली’ अपघात आणि लोकप्रतिक्रिया (१९८२)

हिंदी चित्रपट अभिनेते अमिताभ बच्चन जुलै १९८२ च्या अखेरीस ‘कुली’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात गंभीर जखमी झाले. तेव्हापासून २४ सप्टेंबर १९८२ रोजी ते मुंबईतील ब्रीच कँडी रुग्णालयातून घरी परतेपर्यंत देशभरातील लोकांनी नवस, उपास, प्रार्थना, रक्तदान आणि रुग्णालयाच्या दारातली गर्दी या रूपांनी आपली काळजी व्यक्त केली. लोकप्रिय माणसाच्या अंत्ययात्रेला लोटणारा जनसागर भारताला नवा नव्हता. मात्र एका नटाचा जीव टांगणीला लागलेला असताना त्याच्या प्रकृतीचे वर्तमान रोज विचारत लोकांनी आठवड्यांमागून आठवडे काढावेत, असे इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच घडले आहे.

अपघात बंगळूर विद्यापीठाच्या आवारात झाला. दिग्दर्शक मनमोहन देसाई यांच्या या चित्रपटातील मारामारीच्या एका दृश्यात पुनीत इस्सर यांचा ठोसा बसल्यावर अमिताभ यांनी टेबलावर पडायचे होते. उडीचा अंदाज किंचित चुकला आणि टेबलाची कड पोटात बसली. बाहेरून जखम दिसत नव्हती, त्यामुळे आतड्याला झालेली इजा सुरुवातीला कोणाच्या लक्षात आली नाही. बंगळूरमध्ये शस्त्रक्रिया होईपर्यंत प्रकृती पुष्कळ ढासळली होती. पुढे विमानाने त्यांना मुंबईला आणण्यात आले. भर पावसात रुग्णवाहिका मिळेना, तेव्हा शिवसेनेची रुग्णवाहिका धावून आली, अशी आठवण त्यांनी स्वतः बाळासाहेब ठाकरे यांच्यासंबंधी बोलताना जाहीरपणे सांगितली आहे. २ ऑगस्ट रोजी त्यांची नाडी जवळजवळ थांबली. जया बच्चन यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले की, त्या हातात हनुमान चालीसा घेऊन उभ्या होत्या, शब्द वाचणेही जमत नव्हते, आणि डॉक्टरांचे प्रयत्न चालू असताना त्यांना पतीच्या पायाचा अंगठा हलताना दिसला. अमिताभ हा दिवस आपला दुसरा जन्मदिवस मानतात आणि त्यांचे चाहतेही तो तसाच पाळतात.

ज्या मुंबईत हे सारे घडत होते, ती त्या वेळी स्वतःच जखमी होती. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते आणि गिरणगावातील घरोघरच्या चुली कशाबशा पेटत होत्या. १८ ऑगस्टला, अमिताभ रुग्णालयात असतानाच, शहरातील पोलिसांचा उठाव झाला आणि रस्त्यांवर दंगल उसळली. अशा दिवसांत माणसे एका श्रीमंत नटाची चिंता का करीत होती, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर त्यांच्या भूमिकांत पाहावे लागते. १९७५ च्या ‘दीवार’मधला गोदी कामगार आणि ‘कुली’मधला स्टेशनवरचा हमाल, दोघांच्याही बिल्ल्याचा क्रमांक ७८६ होता. मालकासमोर मान वर करून बोलणारा, ओझे वाहणारा हा माणूस पडद्यावर पाहताना कष्टकऱ्यांना तो आपल्यातलाच वाटे. आपल्या माणसाच्या खाटेपाशी बसताना कोणी हिशेब मांडत नाही.

माहितीची साधने तेव्हा मोजकी होती. खासगी दूरचित्रवाहिन्या नव्हत्या, फोन थोड्या घरांत होते. आकाशवाणी व दूरदर्शनच्या बातम्या आणि सकाळचे वृत्तपत्र यांवरच लोकांची भिस्त होती. एका बातमीपत्रापासून दुसऱ्या बातमीपत्रापर्यंतचा वेळ काळजीत आणि अफवांत जाई, आणि ज्याला धीर निघत नसे तो रुग्णालयासमोरच्या भुलाभाई देसाई मार्गावर येऊन उभा राही. आत जाता येणार नाही हे त्याला ठाऊक असे. आपल्याकडे रुग्णालयाच्या पायरीवर रात्र काढणारा नातेवाईकही डॉक्टरांना मदत करायला बसलेला नसतो. तो बसलेला असतो, इतकेच. पंतप्रधान इंदिरा गांधी व राजीव गांधी भेटून गेले, त्यामुळे गांभीर्य आणखी ठळक झाले, पण बाहेरची गर्दी त्यांच्यामुळे जमलेली नव्हती.

या प्रतिक्रियेचा गाभा म्हणजे नवस. नवसात माणूस देवाशी करार करतो: हे बरे झाले की मी अमुक करीन. घरातला कर्ता मुलगा अंथरुणाला खिळला की आई उपास धरते, वडील अनवाणी देवदर्शनाला निघतात, कोणी देवाला साकडे घालते. हे सारे विधी रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यापुरते समजले जातात. १९८२ मध्ये लाखो लोकांनी ते कधीही न भेटलेल्या माणसासाठी केले, आणि हीच या घटनेची सर्वांत महत्त्वाची बाजू आहे. मंदिरांत अभिषेक व जप झाले, मशिदींत व दर्ग्यांत दुवा मागितल्या गेल्या, चर्चमध्ये व गुरुद्वारांत प्रार्थना झाल्या. बडोद्याहून उलट्या पावलांनी मुंबई गाठणाऱ्या चाहत्याची हकिकत आजही सांगितली जाते. याला केवळ व्यक्तिपूजा म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल, कारण पूजेत मागणे स्वतःसाठी असते आणि इथे मागणाऱ्याला स्वतःसाठी काहीच नको होते.

प्रार्थनेच्या जोडीने रक्त आले. अमिताभ यांनी वेळोवेळी सांगितल्याप्रमाणे सुमारे २०० दात्यांच्या रक्ताच्या ६० बाटल्या त्यांना चढवण्यात आल्या. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशातील रक्तपेढ्या बऱ्याच अंशी अवलंबून होत्या, असा तो काळ होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतरच ही पद्धत कायद्याने बंद झाली. त्या काळात स्वखुशीने बाही वर करणाऱ्या माणसांचे मोल मोठे होते. त्यांतील एका दात्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी चा विषाणू होता आणि तो तपासणीतून निसटला. २००० च्या सुमारास एका साध्या वैद्यकीय तपासणीत उघड झाले की यकृताचा तीन चतुर्थांश भाग निकामी झाला आहे. अमिताभ यांनी त्याचा दोष कोणत्याही दात्याला दिला नाही. उलट ते या आजाराविषयी उघडपणे बोलू लागले, आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना दक्षिण-पूर्व आशिया विभागासाठी हिपॅटायटिसविषयक सदिच्छादूत नेमले. प्रेमाने दिलेल्या वस्तूतून इजा व्हावी आणि ज्याला ती झाली त्याने देणाऱ्याचा हात तरीही हातात धरून ठेवावा, असे उदाहरण दुर्मीळ आहे.

लोकांच्या काळजीची दुसरी बाजू पुनीत इस्सर यांच्या वाट्याला आली. हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता. अपघात हा अपघातच होता, तरी लोकांच्या दृष्टीने ठोसा मारणारा हात त्यांचा होता, आणि त्यामुळे पुढे अनेक वर्षे काम मिळणे कठीण झाले, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. अमिताभ यांनी रुग्णालयात बोलावून, यात तुझी चूक नाही, असे सांगितल्याची आठवणही त्यांचीच आहे. दूरदर्शनवरील ‘महाभारत’ मालिकेतील दुर्योधनाने त्यांना नव्याने ओळख दिली. दुःखाला कोणीतरी अपराधी लागतो, आणि तो सापडला नाही की जवळ उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवले जाते. तरुण नटाने हे निमूटपणे सोसले, याची दखल या घटनेच्या वर्णनांत पुरेशी घेतली जात नाही.

चित्रपटावरही लोकभावनेचा थेट परिणाम झाला. मूळ कथेत नायक इक्बाल शेवटी मरतो. ज्याच्यासाठी देशाने नवस केले त्याला पडद्यावर मरताना दाखवणे देसाई यांना पटले नाही आणि त्यांनी शेवट बदलला. १९८३ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटात गोळ्या लागलेल्या इक्बालसाठी सर्व धर्मांचे हमाल प्रार्थना करतात आणि तो वाचतो. गोळ्या लागण्याचा प्रसंग ज्या हाजी अली दर्ग्यात घडतो, तो ब्रीच कँडीपासून जवळच आहे. अपघाताच्या दृश्यात चित्र क्षणभर गोठवून, हाच तो क्षण, असे अक्षरांत सांगितले जाते. १९८४ मध्ये अमिताभ अलाहाबादमधून हेमवतीनंदन बहुगुणा यांच्याविरुद्ध लोकसभेवर निवडून आले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूती त्यामागे होतीच, पण ‘कुली’च्या वेळी जुळलेले नातेही मतदारांच्या मनात असणार.

अशा प्रतिक्रियांची पूर्वपीठिका भारतात आहे. १९६२ मध्ये बार्बाडोस येथे क्रिकेट सामन्यात वेस्ट इंडियन गोलंदाज चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्याला लागून भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारी पोहोचले, तेव्हा प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यासह चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. कोलकात्यात त्या स्मृतीने ३ फेब्रुवारीला दरवर्षी रक्तदान होते. तमिळ अभिनेते एम. जी. रामचंद्रन यांच्यावर १२ जानेवारी १९६७ रोजी गोळी झाडली गेली, तो अपघात नव्हता. पण मानेला पट्टी बांधलेल्या त्यांच्या छायाचित्राने निवडणुकीत मतदारांना जिंकले. ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ क्रिकेटपटू ऋषभ पंत यांची मोटार दुभाजकावर आदळून पेटली, तेव्हा प्रार्थनांचे संदेश काही मिनिटांत देशभर पसरले. परंतु त्यांच्याबरोबर रक्तबंबाळ चेहऱ्याची छायाचित्रेही पसरली, वेगाबद्दलचे बोलही ऐकू आले. जानेवारी २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला अशी दृश्ये दाखवू नयेत म्हणून वाहिन्यांना सूचनापत्र काढावे लागले. १९८२ च्या गर्दीला रुग्ण दिसत नव्हता, फक्त इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या, आणि त्या न दिसण्यात रुग्णाची अब्रू राखली गेली, असे आज मागे वळून पाहताना जाणवते.

त्या गर्दीचा एक धागा अजून तुटलेला नाही. दर रविवारी संध्याकाळी जुहू येथील ‘जलसा’ बंगल्याच्या फाटकाबाहेर लोक जमतात आणि अमिताभ त्यांना भेटायला बाहेर येतात. हा परिपाठ १९८२ पासूनचा असल्याचे ते सांगतात. फाटकाशी येण्याआधी ते पायांतील चपला काढून ठेवतात. देवळात आपण अनवाणीच जातो ना, असे त्यांनी त्याविषयी लिहिले आहे.