ब्रेकमधली हवा घरी काढताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून ब्रेक ऑइल, पॅड किंवा रबर किट नेणारे बरेच जण काम घरीच करतात. त्यात आमची काहीच हरकत नाही. मात्र काउंटरवर एक तक्रार वारंवार येते : "दोनदा हवा काढली, तरी ब्रेक तसाच." अशा वेळी हवा काढण्यात सहसा चूक झालेली नसते. हवा आत शिरली कुठून, किंवा मुळात शिरली होती का, हेच कोणी पाहिलेलं नसतं. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. कुठला तरी जोड उघडला, ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल तळाला गेलं किंवा कुठे गळती लागली, तरच बाहेरची हवा आत येते. यातलं काहीच घडलं नसेल, तर निपलला, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूला, पाना लावण्याआधी जरा थांबा.

आधी पेडल तपासा

"ब्रेक लूज झालाय" या एका वाक्यात चार वेगळे बिघाड लपलेले असतात.

पेडल पंप केल्यावर वर येतं, पण पायाला मऊच लागतं, तर आत हवा आहे. पंप केल्यावर वर येऊन टणक होत असेल, तर मागच्या ड्रममधल्या शूंचं (आतून ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांचं) अंतर वाढलंय. तिथे हवा काढून फरक पडणार नाही, शू अ‍ॅडजस्ट करावे लागतील.

पाय दाबून ठेवल्यावर पेडल सावकाश खाली बसत जातं आणि बाहेर कुठेही थेंब दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ऑइल पाइपांत ढकलणाऱ्या सिलिंडरची) आतली रबरं गेली आहेत. पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी थांबायला मात्र जोर लागतो, तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप तपासा. याची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, शेवटच्या वेळी दाबून धरा आणि इंजिन चालू करा. बूस्टर ठीक असेल, तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं.

ऑइल कोणतं

टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची ऑइलं. ती हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पाणी मिसळलं की त्यांचा उत्कलनबिंदू घसरतो. ताज्या डॉट ३ साठी किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ साठी २३० आणि डॉट ५.१ साठी २६० हे मानक आहे. ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. लांबच्या घाट-उतारावर ब्रेक तापले की असं जुनं ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल अचानक खाली जातं. गाडी थंड झाली की सगळं ठीक, त्यामुळे दोष सापडतही नाही. म्हणून बहुतेक गाड्यांना साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगितलेलं असतं, गाडी कमी चालली असली तरी.

डॉट ५ मात्र वेगळंच. ते सिलिकोनचं, सहसा जांभळं असतं आणि वरच्या तिघांत मिसळायचं नाही. ५ आणि ५.१ या नावांनी फसू नका, बाटली नीट वाचा. इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल किंवा डिझेलचा थोडासा अंशही ब्रेकच्या टाकीत गेला, तर रबरं फुगतात. मग फक्त ऑइल बदलून भागत नाही, रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. टाकी पुसायची फडकीसुद्धा स्वच्छ हवी, ती याचसाठी.

सील फोडलेली बाटली कपाटात जपून ठेवू नका. लागेल तेवढीच लहान बाटली न्या, आम्ही तीच सुचवू.

हवा काढण्याचं काम

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावा आणि गाडी उचलल्यावर स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. ऑइल रंग खातं, म्हणून जवळ पाण्याची बादली ठेवा आणि थेंब पडला की लगेच धुवा. डोळ्यांना चष्मा लावा.

टाकीतलं जुनं, काळपट ऑइल पिचकारीने काढून नवं भरा. नाहीतर ती घाण सगळ्या पाइपांतून फिरवत बसाल. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घेतात, पण काही गाड्यांचे सर्किट तिरके (एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एकत्र) जोडलेले असतात आणि त्यांचा क्रम वेगळा असतो. गाडीचं मॅन्युअल सांगेल तो क्रम धरा.

निपल आधी ब्रशने साफ करा आणि त्यावर बरोबर मापाचा रिंग पाना बसवा. उघड्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात. निपल जाम असेल तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, हलके ठोके द्या आणि आधी किंचित आवळून मग सैल करून पाहा. तो आतून पोकळ असतो, जोर केला की तुटतो आणि मग बहुधा अख्खा कॅलिपरच (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलावा लागतो.

निपलवर पारदर्शक नळी चढवा आणि तिचं दुसरं टोक थोडं ताजं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एक जण आत बसून पेडल सावकाश दाबतो, "दाबलं" म्हणतो आणि धरून ठेवतो. दुसरा निपल पाऊण फेरा उघडतो. पेडल खाली जातं, बुडबुडे येतात. निपल बंद करून "सोड" म्हटल्यावरच पेडल सोडायचं. हा क्रम एकदा चुकला की निपलमधून हवा परत आत ओढली जाते. त्यामुळे बोलून काम करा, अंदाजाने नको.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन मास्टर सिलिंडरच्या शेवटच्या भागात जात नाही. तिथे गंज साठलेला असतो आणि पेडल थेट जमिनीला टेकवलं की रबरं त्यावर घासून फाटतात. "हवा काढली आणि ब्रेक आणखी बिघडला" याचं हे एक खरं कारण आहे.

टाकीकडे मात्र सतत लक्ष हवं. ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात, आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत हवा त्या युनिटमध्ये शिरली तर ती काढायला गॅरेजचा स्कॅनर लागतो. तेव्हा गाडी गॅरेजलाच न्या.

बुडबुडे थांबतच नसतील, तर निपल कुठे आहे ते बघा. डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल होऊन बसले, की निपल खालच्या बाजूला येतो आणि हवा वर अडकून राहते. कितीही ऑइल घाला, ती निघत नाही. ओढून घेणारा पंप वापरत असाल, तर निपलच्या आट्यांमधूनही हवा खेचली जाते आणि नळीत खोटे बुडबुडे दिसत राहतात.

दुचाकीची टाकी लहान असते, चार-सहा दाबांत रिकामी होते. तिथे हवा बहुधा वर, हँडलजवळच्या जोडात अडकते. हँडल वळवून मास्टर सिलिंडर उंच ठेवा, होजला बोटाने टिचक्या द्या आणि लिव्हर हळूहळू थोडीशीच दाबत राहा. बारीक बुडबुडे टाकीत येताना दिसतील.

दुरुस्ती : काय घरी, काय नाही

पॅड बदलणं घरी जमतं. पिस्टन मागे ढकलताना निपल उघडून जुनं ऑइल बाहेर जाऊ द्या, ते वर एबीएसकडे ढकलू नका. काही मागचे कॅलिपर मात्र ढकलायचे नसतात, फिरवून आत घ्यावे लागतात, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लागतो. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. त्याच्या पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, त्याखाली गेलेल्या डिस्कवर नवे पॅड चढवण्यात अर्थ नाही. ड्रम उघडताना एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंग कशा बसवायच्या ते दुसरीकडे पाहता येतं. धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

होज काढला असेल तर तांब्याचे वायसर नवेच टाका. गंजलेला लोखंडी पाइप मात्र टेप, एम-सील किंवा रबरी नळीने जोडू नका. या एका बाबतीत आम्ही हट्टी आहोत, अशा जोडणीसाठी सामान मागितलं तर देत नाही. पूर्ण पाइपच बदलायचा.

गाडी हलवण्याआधी

पॅड बदलल्यावर पहिल्यांदा दाबलेलं पेडल थेट खाली जातं, कारण पिस्टन मागे गेलेले असतात. गाडी जागेवर असतानाच पेडल टणक होईपर्यंत पंप करा आणि टाकीतली पातळी पुन्हा पाहा. मग इंजिन चालू ठेवून मिनिटभर जोरात दाबून धरा. या वेळी प्रत्येक निपल आणि जोड टॉर्चने बघायला दुसरा माणूस हवा. पेडल बसत गेलं किंवा कुठे ओल दिसली, तर गाडी रस्त्यावर काढू नका. सगळं ठीक असेल तर रिकाम्या जागी चालण्याच्या वेगात पहिला ब्रेक मारा.

काढलेलं ऑइल पुन्हा टाकीत घालू नका आणि गटारातही ओतू नका. झाकणाच्या बाटलीत भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

रबर किट घ्यायला येताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून आणा, शिवाय सिलिंडरवर उठवलेला मापाचा आकडा. एकाच मॉडेलमध्ये दोन मापं निघतात. आकडा वाचता येत नसेल, तर सिलिंडरच सोबत घेऊन या.