जेरोम : तांबं संपलं त्यानंतर

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्सहून उत्तरेला दोन-अडीच तासांवर, क्लिओपात्रा टेकडीच्या उतारावर जेरोम वसलंय. उंची सुमारे 5,000 फूट. सेडोनाचे लाल डोंगर बघायला निघालेली आपली मंडळी वाटेत तासभर इथे थांबतात, कॉफी घेतात, दोन-चार गॅलऱ्यांत डोकावतात. खाण बंद पडली, गाव ओस पडलं, मग चित्रकार आले आणि गाव पुन्हा नांदतं झालं, एवढं कानावर पडतं. हे खोटं नाही, पण यातला मधला दुवा गळलाय. चित्रकार यायच्या आधी पंधरा-एक वर्षं काही हट्टी माणसांनी गाव पाडू दिलं नव्हतं.

इथल्या तांब्यावर पहिले हक्क नोंदले गेले 1876 मध्ये. 1883 मध्ये युनायटेड व्हर्डे कॉपर कंपनी उभी राहिली आणि तिला पैसा पुरवणाऱ्या न्यूयॉर्कच्या यूजीन जेरोमचं नाव गावाला मिळालं. तो चर्चिलच्या आईच्या नात्यातला. स्वतः गावात मात्र कधी फिरकला नाही, असं सांगतात. गाव खऱ्या अर्थाने वाढलं ते 1888 नंतर, मोंटानाचा खाणसम्राट विल्यम क्लार्क याने कंपनी ताब्यात घेतल्यावर. पुढच्या दशकात रेल्वे आली. लाकडी घरांचं गाव, त्यामुळे पाच-सहा वर्षांत चारदा आगीत होरपळलं. मेक्सिकन, आयरिश, क्रोएशियन, इटालियन आणि चिनी माणसं इथे पोटासाठी आली.

तांबं गाळायच्या भट्ट्या सुरुवातीला गावालगतच होत्या. गंधकाच्या धुराने डोंगरावरची झाडी जळाली आणि उरलेली सरपणात, खाणीच्या टेकूंत गेली. माती धरून ठेवायला काही राहिलं नाही. पुढे भट्टी खाली क्लार्कडेलला हलवली, पण जमिनीखालच्या खनिजाला लागलेल्या आगी विझेनात, म्हणून 1918 पासून वरूनच खोदायला घेतलं. म्हणजे सुरुंग आले. पोखरलेला, उघडाबोडका उतार आणि वर सुरुंगांचे धक्के, त्यामुळे गावाचा मधला भाग हळूहळू खाली सरकू लागला. गावचा तुरुंग मूळ जागेपासून 200 फुटांहून जास्त खाली घसरला आणि आजही तिथेच तिरका उभा आहे. पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. गावाचा कारभार खाणकंपनीच्या हातात होता, याचा याहून बोलका पुरावा शोधायला नको.

तो कारभार कसा होता हे 1917 च्या जुलैत दिसलं. मजुरी आणि युनियनवरून संप पेटला, तेव्हा 10 तारखेला हत्यारबंद लोकांनी साठेक कामगारांना जनावरांच्या डब्यांत कोंबून कॅलिफोर्नियाच्या दिशेने रवाना केलं. दोनच दिवसांनी त्याच राज्यातल्या बिस्बी या तांब्याच्या गावात हेच झालं, फक्त संख्या होती बाराशेच्या आसपास. बिस्बीही आज कलाकारांचं गाव म्हणून ओळखलं जातं.

1930 च्या जनगणनेत जेरोममध्ये जवळपास 5,000 लोक होते. मग मंदी आली, तांब्याचे भाव कोसळले. 1935 मध्ये मुख्य खाण फेल्प्स डॉज कंपनीने विकत घेतली, 1938 मध्ये शेजारची दुसरी मोठी खाण संपली आणि 1953 मध्ये पहिलीही थांबली. अब्जाहून अधिक डॉलर्सची धातू देऊन झाली होती. गावात माणसं उरली शंभराच्या आसपास.

रिकाम्या इमारती पाडून मोकळं व्हावं, असा कंपनीचा कल होता. त्याच वर्षी उरलेल्यांनी जेरोम हिस्टॉरिकल सोसायटी काढली. जुन्या इमारती हळूहळू संस्थेकडे आल्या, एकीत संग्रहालय उघडलं. ओसाडपणा हेच भांडवल करायचं, ही चलाखीही त्यांचीच. रस्त्यावर पाटी लागली, त्यावर लोकसंख्येचे 15,000, 10,000, 5,000, 1,000 असे उतरते आकडे आणि शेवटी ‘घोस्ट सिटी’. गावात माणसं राहत असताना स्वतःच्या गावाला भुताचं म्हणवून घेणं याला वेगळंच धाडस लागतं. धंदा चालला मात्र. बार्टलेट हॉटेलच्या उघड्या अवशेषांत, खाली ठेवलेल्या गंजक्या संडासावर नेम धरून लोक आजही नाणी फेकतात आणि ती गल्ल्यात जमा होतात संस्थेच्या.

साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी आले, कारण घरं मातीमोल मिळत होती. हे कोणी आखलेलं नव्हतं. ते छपरं शाकारू लागले, भट्ट्या लावून मातीची भांडी आणि काच बनवू लागले. 1972 मध्ये हायस्कूल खाली दरीत गेलं आणि त्याच्या वर्गखोल्या पुढे स्टुडिओ झाल्या. खाणीचं 1927 चं इस्पितळ 1996 मध्ये हॉटेल म्हणून उघडलं. तिथली 1926 ची ओटिस लिफ्ट अजून पाहुण्यांना वर नेते.

आता कायम राहणारे साडेचारशेच्या घरात आहेत. घराची किंमत पर्यटक ठरवतो, चित्रकार नाही. 2016 मध्ये राज्याने कायदा केला की गावांना पर्यटकांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. ज्या स्वस्ताईने कलाकार वर चढले, ती टिकवायचं एक हत्यार त्यामुळे गावाच्या हातून गेलं. संस्थेच्या मालकीच्या इमारती तेवढ्या बाजाराच्या कचाट्यातून थोड्याफार सुटल्या आहेत.