संगीत सीक्वेन्सर आणि डिजिटल ध्वनिमुद्रण

संगणकावर स्वर-ताल क्रमाने मांडून ते वाजवणारी, तसेच प्रत्यक्ष आवाज अंकांच्या रूपात साठवणारी सॉफ्टवेअर. आज ही दोन्ही कामे एकाच पडद्यावर होतात. मुळात ती वेगळी होती.

१९५७ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी ध्वनिलहरी थेट अंकांतून घडवणारा ‘म्युझिक’ हा प्रोग्राम लिहिला. खरी कलाटणी मात्र १९८३ मध्ये मिळाली. त्या वर्षी आलेल्या ‘मिडी’ या सामाईक संकेतपद्धतीमुळे निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडता आली. मिडीत आवाज नसतोच. कोणती पट्टी केव्हा दाबली, केव्हा सोडली आणि किती जोराने (० ते १२७), एवढीच नोंद असते. १९८५ च्या अटारी एसटी संगणकाला मिडीची जोडणी मुळातच होती. त्यावर १९८९ मध्ये क्युबेस हा सीक्वेन्सर आला. १९९१ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर प्रो टूल्स हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आले. १९९६ च्या क्युबेस व्हीएसटीने वाद्यनोंदी, गळ्याचा आवाज आणि इफेक्ट घरच्या संगणकावर एकत्र आणले.

पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचे रीतसर शिक्षण मिळते. पण सॉफ्टवेअरचा पसारा त्यापलीकडे गेला आहे: एकांकिकांचे पार्श्वसंगीत, नृत्याचे ट्रॅक, भावगीतांचे अल्बम आता घरातल्या खोलीत होतात.

ज्या शहरात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो, तिथे या सॉफ्टवेअरची घडण लगेच जाणवते. ते कीबोर्ड समोर ठेवून बांधलेले आहे. शुद्ध गंधाराची कंपनसंख्या षड्जाच्या सव्वापट. सप्तकाचे १२०० सेंट (स्वरांतर मोजण्याचे एकक) मानले तर तो ३८६ वर येतो. कीबोर्डवरचा गंधार ४०० वर. हे १४ सेंट तंबोऱ्यासोबत चक्क खुपतात. मिंडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्यासाठी, स्वर वर-खाली ओढणारे ‘पिच बेंड’ असते आणि त्याच्या पायऱ्या १६,३८४, म्हणजे बारकावा भरपूर. पण त्याचा आवाका सहसा दोन अर्धस्वरांचाच ठेवलेला असतो. सा ते प अशी मिंड घ्यायची तर तो सातपर्यंत वाढवावा लागतो. शिवाय मूळ मिडीत बेंड अख्ख्या चॅनेलला, म्हणजे त्या मार्गावरच्या सगळ्या स्वरांना, लागतो, त्यामुळे एका स्वराबरोबर शेजारचा स्वरही ओढला जातो.

लयीचे तसेच. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रा सॉफ्टवेअरच्या आखीव रेघांच्या चौकटीत सहज बसतात. विलंबित एकतालात एक मात्रा चार-चार सेकंदांची असू शकते. तिथे एका मात्रेचे चार क्लिक (लय दाखवणारे टिकटिक ठोके) धरतात. ‘क्वान्टाइझ’ केल्यावर प्रत्येक ठोका जवळच्या रेघेवर सरकतो आणि ठेक्यातला डौल नाहीसा होतो. ख्यालासाठी क्लिक बंद ठेवणेच योग्य. आधी गाणे मुद्रित करावे, मग दर आवर्तनाची सम ऐकून तिथे टेम्पोची खूण करावी. काम वेळखाऊ आहे, पण तसे केल्यावर मागाहून घातलेली वाद्ये गायकाच्या लयीने चालतात.