ग्रामीण बायकांमधलं डिप्रेशन आणि गरिबी (पुणे जिल्हा)

गरिबीने डिप्रेशन येतं आणि डिप्रेशनने गरिबी वाढते, दोन्ही खरं आहे. पैशाची ओढाताण बाईला आतून पोखरते, आणि एकदा आजार जडला की कामाला जाववत नाही, खाडे पडतात, मजुरी बुडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते डिप्रेशन बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दीडपट असतं.

पुणे जिल्हा म्हटलं की आयटी पार्क नि चाकणच्या कंपन्याच आठवतात, पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्या याच जिल्ह्यातल्या, पुरंदरची जिरायती गावंही इथलीच, आणि हंगामात बारामती, इंदापूर, दौंडकडे बीडहून ऊसतोडीला जोडपी येतात ती वेगळीच. मुकादमाची (म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची) आगाऊ उचल नवरा-बायको दोघांनी मिळून फेडायची असते, एक खाडा झाला तर मजुरी जाऊन वर दंडही कापतात, मग पाळी असो की ताप, बाई फडात उतरतेच.

आता नुसतं उत्पन्न कमी म्हणून हे होतं का, तर तसंही नाही. विक्रम पटेल आणि आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मध्ये विकसनशील देशांतले अभ्यास एकत्र तपासले तेव्हा उत्पन्नाचा संबंध काही ठिकाणी दिसला, काही ठिकाणी नाही, पण कमी शिक्षणाचा बहुतेक ठिकाणी दिसला, आणि कारणं म्हणून पुढे आली ती असुरक्षितता, हताशपणा, हिंसा, शरीराची दुखणी. गावात हे रोज दिसतं. फायनान्स कंपनीकडून कर्ज घेणाऱ्या बायकांच्या गटाचं उदाहरण घ्या, वसुलीवाला येऊन बसतो, एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्यांना उठू देत नाही, मग शेजारणीच तिला बोलतात. कर्ज बऱ्याचदा घरासाठी किंवा नवऱ्याच्या धंद्यासाठी काढलेलं असतं, सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, पण वसुलीला तोंड तिने द्यायचं. एरवी जिच्याकडे मन मोकळं करायचं तीच मैत्रीण पैसे मागायला दारात उभी राहते, हे मला यातलं सगळ्यात वाईट वाटतं.

दवाखान्यात गेली तरी बाई मनाचं बोलत नाही. डोकं जड झालंय, कंबर धरलीय, झोप लागत नाही, जेवण जात नाही, एवढंच सांगते, मग एक सलाईन, एक इंजेक्शन, ताकदीच्या गोळ्या आणि दोन दिवसांची मजुरी गेली. यात अजून एक घोळ असा की महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१), त्यामुळे थकवा रक्ताचा की मनाचा हे तपासल्याशिवाय कळत नाही, बऱ्याचदा दोन्ही असतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात डिप्रेशन असलेल्या साधारण ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. हे सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे आपलं नुकसानच आहे.

उपचार महागडेच असतात असं नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या आणि पेशंटना फरक पडला (निष्कर्ष २०१७ ला आले). आशाताईंच्या फॉर्मवर आता मनाबद्दलचे दोन प्रश्न असतात, कामात रस वाटत नाही का आणि उदास वाटतं का, पण ते सासूसमोर विचारले तर उत्तर काय येणार, बाईला बाजूला घेऊनच विचारायला हवेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्री आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. मात्र घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात असेल तर तिला फोन करायला आशाताईचा किंवा अंगणवाडीतला मोबाईल मिळायला हवा.